राहिलेला रफार

माझ्या मुलाला, बजरंगला, दुसरी मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. दोन हजार तीन साल. पाचवीला बाळाला नव्या सुपात निजवायचं असतं, आणि आम्हा बुरुडांच्या घरात ते सूप बाजारातून येत नाही. आजोबानं करायचं. त्या दिवशी माझे मालक सकाळपासून ओट्यावर उकिडवे बसून सूप विणत होते. दुपारी काम पुरं झालं. सूप उलटं करून झटकलं, माझ्या हातात दिलं, आणि ते तिथेच बसून राहिले.

“उठा की,” मी म्हणाले. “बायका यायला लागल्यात.”

“उठतो.”

“मग उठा.”

“अगं मी उठतोय, पण ह्यो पाय उठंना.”

मला चेष्टा वाटली. गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत आत येत होती, ती म्हणाली, “सिदराम, नातीच्या पाचवीला तूच बाळंतीण झालास का काय?” सगळ्या बायका हसल्या. मालकही हसले. पण हसता हसता त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा मी सूप बाजूला ठेवलं. बजरंगनं एका बगलेत हात घातला, मी दुसऱ्या. पाय सरळ होईपर्यंत त्यांच्या कपाळाला घाम फुटला होता.

तासगावच्या आमच्या आळीत सगळे बुरूड असेच बसतात. बूड टेकवायचं नाही, गुडघा छातीला लावायचा, टाचेखाली बांबूच्या कांबी दाबून धरायच्या आणि दोन्ही हात मोकळे ठेवून विणायचं. मालक वयाच्या नवव्या वर्षापासून असे बसत होते, आणि त्या साली ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. गुडघा वर्षभर कुरकुरत होता. मागच्या बाजूनं, खोबणीत दुखायचा. गावातल्या डॉक्टरनं फोटो काढला, हाडं चांगली आहेत म्हणाला, गोळ्या दिल्या. गल्लीत सगळ्यांनी सांगितलं, वंगण संपलंय, एरंडेल चोळा. चोळलं. पाचवीनंतर मात्र पाय मुडपेनाच. मग डॉक्टरनं चिठ्ठी देऊन मिरजेला मोठ्या मशीनमध्ये फोटो काढायला पाठवलं.

मिरजेला आम्ही दोघंच गेलो. बजरंगची बायको ओली बाळंतीण, त्याला घर सोडता येईना. आणि मी म्हणाले, “मी हाय की. मला वाचता येतंय.”

हे खरं होतं, पण अर्धंच. आदल्या हिवाळ्यात आमच्या आळीत बायकांचा वर्ग निघाला होता. रेहाना मुजावर नावाची मुलगी शिकवायला यायची. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची. अक्षरं आली, काना-मात्रा आल्या, जोडाक्षरं सुरू झाली. य जोडलेली अक्षरं झाली आणि लगीनसराई आली. सगळ्या बायका दुरड्या-सुपांच्या कामाला लागल्या, वर्ग बंद पडला. पुढची जोडाक्षरं राहिली. पण मी एसटीवरच्या पाट्या वाचायची, दुकानांची नावं वाचायची, आणि मोठ्यानं वाचायची. मालक म्हणायचे, “हिला शिकवली ती चूक झाली. आता हिच्याबरोबर बाजारात फिरायची सोय राहिली न्हाई.”

मशीनमधून मालक बाहेर आले ते कान चोळत. म्हणाले, “सुताराच्या पेटीत निजवलं आणि वरनं खिळं ठोकलं.” फोटो तयार व्हायला दुपार झाली. मग एका तरुण डॉक्टरनं आम्हाला आत बोलावलं. त्यानं फोटो उजेडावर लावला आणि पेनचं टोक ठेवलं.

“हे बघा आजोबा. गुडघ्याच्या आत ही दोरी असते. हाडाला हाड धरून ठेवते. ती तुमची फुगलीय. झीज झालीय तिची. आणि इथं, हे पांढरं दिसतंय ना, ही गाठ आहे.”

मालकांचा हात गुडघ्यावर होता तो तिथंच थांबला.

आमच्या घरात गाठ या शब्दाचा अर्थ एकच होता. थोरले दीर, दशरथभाऊजी, त्यांच्या गळ्याला गाठ झाली. ती काढली, आणि काढल्यावर तीन महिन्यांत ते गेले. त्यानंतर घरात कुणाला साधं आवाळू आलं तरी त्याला गाठ म्हणत नसत, गोळा म्हणत.

डॉक्टर पुढं बरंच बोलला, त्यातलं निम्मं इंग्रजी. मी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ते मराठीत लिहून द्या. मला वाचता येतं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. चांगलं हसला. “लिहितो की,” म्हणाला. लिहिता लिहिता एका ठिकाणी थांबला आणि नर्सला विचारलं, “सिस्टर, बिनाइनला मराठीत काय म्हणतात हो?” नर्स म्हणाली, “काय की सर.” त्यानं पेन दातावर वाजवलं, मग आठवलं असावं, पटकन लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला. कुठंतरी मजुरांचा ट्रॅक्टर उलटला होता, माणसं आणत होते. कागद माझ्या हातात देऊन तो पळाला.

बाहेर खिडकीतल्या माणसानं विचारलं, “सगळं सांगितलं ना डॉक्टरांनी? का समजावून सांगू?”

मी म्हणाले, “लिहून दिलंय. मला वाचता येतं.”

स्टँडच्या बाकावर बसून मी कागद उघडला. मालक शेजारी पाय लांब करून बसले होते. मी अक्षरावर बोट ठेवून वाचू लागले. डॉक्टरचं अक्षर वेलीसारखं पसरलेलं होतं. “दोरीची झीज. दोरीत गाठ.” इथवर ठीक होतं. पुढच्या शब्दावर माझं बोट अडलं.

“काय लिहिलंय?”

“नि... धोक.”

“नि म्हंजे?”

“नि म्हंजे आणि.”

“आणि काय?”

“धोक.”

त्यांनी कागदात डोकावलं. मग म्हणाले, “धोक असं काय नसतंय. धोका असंल. घाईत काना राहिला असंल त्याचा.” मी घरात बाराखडी म्हणायची, ती ऐकून काना-मात्रा त्यांना माहीत होत्या. “पुढं?”

“मांडी घालू नये. उकिडवे बसू नये.” ते सोपं होतं. शेवटच्या ओळीत दोन शब्द मला लागेनात, तेवढे मी गाळले. “बुधवारी... यांची गाठ घ्यावी.”

“यांची म्हंजे?”

मी त्यांच्याकडं बघितलं. बायको नवऱ्याला काय म्हणते ते त्यांना माहीत होतं.

“माझी,” तेच म्हणाले. “आणि घ्यावी म्हंजे काढून घ्यावी. दशरथदादाची घेतली तशी.”

गाडीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. तासगाव आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “घरात कुणाला सांगायचं न्हाई. बाळंतीण हाय. आणि बुधवारी मी जाणार न्हाई. गाठीसकट जाईन, पण पाय कापून घेणार न्हाई.”

तो शनिवार होता. रविवारी त्यांनी चहा घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते भिंतीला टेकून, दोन्ही पाय पुढं पसरून दिवसभर बसले. बजरंगनं विचारलं तर म्हणाले, “डॉक्टरनं उकिडवं बसायचं न्हाई म्हणून सांगितलंय.” संध्याकाळी त्यांनी आपला कोयता, ज्याला कुणाला हात लावू देत नसत, तो बजरंगच्या पुढं सरकवला. “धार बघ याची. उद्यापास्नं तूच वापर.”

सोमवारी दुपारी मी कागद चोळीत घातला आणि रेहानाकडं गेले. पुढं काय काय होणार ते मला आधी कळायला हवं होतं. ते गाळलेले दोन शब्द काय होते, तेही कळायला हवं होतं. रेहाना अंगणवाडीत खिचडी वाढत होती. हात पुसून तिनं कागद घेतला.

“काकी, हे तर चांगलं लिहिलंय.”

“काय चांगलं लिहिलंय?”

“दोरीत गाठ, निर्धोक.”

“नि धोका.”

“निर्धोक, काकी. हा बघा धोच्या डोक्यावर रफार. तुमाला मात्रा वाटली असंल. रफार शिकायचा राहिला न्हाई का आपला?” तिनं पाटीवर लिहून दाखवलं. “नि, मग अर्धा र, मग धोक. निर्धोक म्हंजे ज्याच्यापास्नं काय धोका न्हाई ते.”

“आणि यांची गाठ घ्यावी?”

रेहाना हसली. “डॉक्टर ब्रह्मे यांची गाठ घ्यावी. म्हंजे त्यांना भेटा. मोठे डॉक्टर असतील ते. काकी, तुमी रडताय का?”

मी तिला म्हणाले, परत एकदा वाच. तिनं वाचलं. मग मी स्वतः वाचलं. रफारासकट वाचलं.

घराकडं मी जवळजवळ पळत आले. आळीच्या तोंडाशी बजरंग भेटला. घाईघाईनं चालला होता.

“कुठं निघालास?”

“तुलाच हुडकत हुतो. आई, आबांचं काय झालंय? खरं सांग.”

“का?”

“मला विट्याला जायला सांगतायत. उद्या सकाळच्या गाडीनं. म्हणाले, शालनची एकदा गाठ घालून दे.”

शालन माझी मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिनं एसटीच्या विटा डेपोतल्या एका मेकॅनिकशी लग्न केलं, परजातीतल्या. नाव दिनकर. आम्हाला सांगून नाही, सांगितलं असतं तर झालं नसतं. बातमी आली त्या दिवशी मालकांनी दारात उभं राहून डोक्यावरून पाणी घेतलं. माणूस मेल्यावर घेतात तसं. मलाही घ्यायला लावलं. त्यानंतर तिचं नाव घरात कुणी काढलं नाही. तिला मुलगी झाली हेही दुसऱ्याच्या तोंडून कळलं. सहा वर्षांत मी तिला एकदाच पाहिलं, विट्याच्या बाजारात, लांबून. माझ्याबरोबर मालक होते. ती माझ्याकडं आली नाही, मी तिच्याकडं गेले नाही. ते दुसऱ्या वाटेनं चालू लागले आणि मी त्यांच्या मागून गेले.

कागद माझ्या चोळीत होता.

बजरंग वाट बघत उभा होता. मी म्हणाले, “जा. सकाळची कशाला, आजच्या रातीच्या मुक्कामाच्या गाडीनं जा.”

तो मंगळवारी दुपारी परत आला. शालन येते म्हणाली होती, पण गुरुवारी. जावयाची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, आणि एकटी यायला ती तयार नव्हती. मालकांनी ऐकून घेतलं. “जगलो तर भेटंन,” म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांना काहीही झालेलं नव्हतं. गुडघा दुखत होता तेवढाच. पण दोन दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत राहायचे. मी समोर बसायची आणि मनात म्हणायची, आता सांगते. मग मनात यायचं, सांगितलं की हा माणूस उठून बसेल, कोयता परत मागून घेईल, आणि बजरंगला म्हणेल, जा, तिला सांग येऊ नको. त्यांना मी चौतीस वर्षं ओळखत होते. चांगला माणूस, पण एकदा पाणी घेतलं म्हणजे घेतलं.

बुधवार आला. सकाळची मिरजेची गाडी आमच्या आळीवरून जाते. ती गेल्याचा आवाज आला तेव्हा मालक ओट्यावर होते. गाडी लांब जाईपर्यंत ते त्या बाजूला बघत राहिले. मग मला हाक मारली.

“अगं, तो कागद आण.”

“कशाला?”

“आण तर. परत एकदा वाच. त्या दिवशी स्टँडावर गोंधळ हुता. नीट लावून वाच.”

मी कागद काढला. घामानं मऊ पडला होता. त्यांच्या शेजारी बसले आणि बोट ठेवून वाचायला लागले. दोरीची झीज. दोरीत गाठ. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, कागदाकडं नाही. वाचता न येणारी माणसं तशीच बघतात, मीही बघायची. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. तो शब्द माझ्या बोटाखाली होता, आणि आता मला तो येत होता.

“नि धोक,” मी वाचलं.

“काना न्हाईच?”

“न्हाई.”

त्यांनी मान हलवली. “र्‍हाऊ दे. ठेव जा.”

मी आत गेले आणि पाण्याच्या घागरीला धरून उभी राहिले. सुनेनं विचारलं, “काय झालं आत्या?” मी म्हणाले, “डोळ्यात कुसळ गेलं.”

गुरुवारी अकराच्या सुमाराला ते आले. बजरंगनं शेजारून एक खुर्ची आणली होती, मालक तिच्यावर बसले होते. आमच्या घरात खुर्चीवर बसलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. शालन उंबऱ्याच्या बाहेर थांबली. अंगानं भरली होती. तिच्या पदराला धरून चार वर्षांची मुलगी. जावई तिच्याही मागं, आळीत, आल्यापाऊली परत जायला सांगितलं तर लगेच वळता यावं असा उभा.

“आबा,” शालन म्हणाली.

त्यांनी हातानं ये असं केलं.

ती आत आली. मुलीनं विचारलं, “आई, हे कोण?”

“तुझे आजोबा.”

“आजारी हाईत ते?”

“व्हय बाळ,” मालक म्हणाले. “जरा आजारी हाय.” मग त्यांनी दाराकडं बघितलं. “त्यांनाबी आत बोलव. उन्हात कशाला.”

जावई आत आला, भिंतीला पाठ लावून खाली बसला. मी पाणी दिलं. सून बाळाला घेऊन मधल्या दारात उभी होती. शेवटी मालकच म्हणाले, “शालन, माझं काय खरं न्हाई. गुडघ्यात गाठ आलीया. तुझ्या मोठ्या चुलत्याला आली हुती तसली. डॉक्टरानं धोका लिहून दिलाय. म्हणलं, जायच्या आधी तुला बघावं.”

शालनच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पुसलं आणि विचारलं, “कुठाय कागद?”

“तुझ्या आईजवळ.”

शालन सातवी पास होती. हे मी विसरले होते असं नाही. पण सोमवारपासून मी इतकाच विचार केला होता की ती उंबऱ्याच्या आत यावी. त्याच्या पुढचं मी काही ठरवलेलं नव्हतं. मी कागद काढून दिला.

तिनं वाचला. कपाळाला आठी पडली. परत वाचला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तिनं कागद नवऱ्याकडं दिला, त्यानंही वाचला आणि घडी घालून हातात ठेवला. बोलायचं ते शालननं बोलायचं होतं.

ती गप्प राहिली असती तर? मला वाटतं, त्या क्षणी मला तेच हवं होतं. चार दिवस, आठ दिवस, पोरगी घरात रुळेपर्यंत.

“आबा,” ती म्हणाली, “यात धोका न्हाई असं लिहिलंय.”

“काय?”

“निर्धोक गाठ. साधी गाठ. कापायचं कुठं लिहिलेलं न्हाई. ब्रह्मे म्हणून डॉक्टर हाईत, त्यांना काल भेटायचं हुतं.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं.

“आईला रफार येत न्हाई, आबा,” शालन म्हणाली. “शिकायचा र्‍हायला असंल.”

मी तोंड उघडलं नाही.

मालक गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. “म्हंजे मी मरत न्हाई,” ते म्हणाले.

“इतक्यात तर न्हाई मामा,” जावई भिंतीकडून म्हणाला. घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

कुणी हसलं नाही. शालन उठली. मुलीचा हात धरला, पदर नीट केला.

“मग आमी जाऊ का, आबा? तुमी मरताय म्हणून बोलावलं हुतं.”

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. खोटं सांगून उंबऱ्याच्या आत राहायचं नव्हतं तिला. पोटात तर माझ्याच वाढली होती, हे कुणाचं घेतलं होतं तिनं, मला माहीत नाही.

मालक तिच्याकडं बघत होते. मग मुलीकडं. मग जावयाकडं. शेजारच्या घरात कुणीतरी बांबू फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “तुमाला सुट्टी गुरुवारी असती?”

“व्हय.”

“बुधवारची रजा मिळंल का?”

“काढली तर मिळती. का?”

“काढा. मिरजेला जायचंय. बरोबर एक नीट वाचणारं माणूस पायजे.” मग शालनला म्हणाले, “तू बस खाली. भाकरी टाकायला लाव तुझ्या आईला. चार दिवस झालं, मी धड जेवलो न्हाई.”

पुढच्या बुधवारी आम्ही तिघं मिरजेला गेलो. ब्रह्मे डॉक्टर म्हातारे होते, घाई नसलेले. त्यांनी मालकांना टेबलावर झोपवून पाय वळवून बघितला, मग समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या असतात, एकमेकींवरून तिरक्या गेलेल्या. पुढच्या दोरीच्या धाग्यांमध्ये डिंकासारखा चिकट पदार्थ भरलाय, म्हणून ती जाड झालीय. तिच्या बुडाशी वाटाण्याएवढी पाण्याची पिशवी झालीय, तीच गाठ. पाय पुरता मुडपला की जाड झालेली दोरी मागं चिमटते.

“म्हंजे कांब भिजत टाकल्यावर फुगती तशी?” मालकांनी विचारलं.

“तुमचा धंदा काय?”

“बुरूड.”

“मग बरोबर. भिजून फुगलीय, पण तुटलेली नाही. कॅन्सर-बिन्सर काही नाही. दुर्बिणीनं साफ करता येईल. पण उकिडवं बसणं आता विसरायचं.”

“हिनं वाचलं नि धोका,” मालक हसत म्हणाले. “हिला रफार येत न्हाई. मी चार दिवस मेलो हुतो, डॉक्टर.” ब्रह्मे डॉक्टर हसले. जावई हसला. ही गोष्ट त्यांनी आळीत सगळ्यांना सांगितली होती, गाडीत शेजारच्या माणसाला सांगितली होती, आणि दर वेळी ते माझ्याकडं प्रेमानं बघत होते.

स्टँडवर जावई चहा आणायला गेला. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मालक म्हणाले, “रफार काय असतो ते मलाबी दाव की. एवढा जीव घेतला त्यानं.”

मी म्हणाले, “मला सोमवारीच कळलं हुतं.”

“काय?”

“निर्धोक. रेहानाकडं गेले हुते मी. तिनं सांगितलं.”

त्यांना जुळवायला वेळ लागला. “सोमवारी,” ते म्हणाले. “मग बुधवारी मी तुला वाचायला लावलं.”

“व्हय.”

“तवा तुला येत हुतं.”

“व्हय.”

ते समोर बघत होते. एक गाडी लागली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली.

“तीन दिवस मला मेलेलं ठेवलंस.”

“पोरीला सहा वर्षं ठेवलीत तुमी,” मी म्हणाले.

जावई तीन कप घेऊन आला. मालकांनी चहा घेतला, पिऊन कप बाकाखाली ठेवला, आणि गाडीत ते जावयाच्या शेजारी बसले. मी मागं बसले.

त्यानंतर दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवायला वाढलं तर जेवायचे. काही हवं असलं तर बजरंगला सांगायचे, शालन आली असली तर तिला सांगायचे, “तुझ्या आईला म्हणावं, धोतर वाळत घाल.” शालन महिन्यातून एकदा यायला लागली होती. तिनं मला एकदा विचारलं, “तुला वाचता आलं हुतं ना?” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “मला तवाच कळलं.” एवढंच.

दिवाळीनंतर दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. बाहेर आणलं तेव्हा ते जागे होते. मी पायथ्याशी उभी होते. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि मला म्हणाले, “अगं, पाय हाईत का बघ जरा. मला लागंना झालेत.”

मी चादर वर करून बघितलं. “हाईत.” अडीच महिन्यांनी ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

रात्रीचं दुखणं गेलं. पाय पुरता कधीच मुडपला नाही. जावयानं डेपोतल्या भंगारातून बसायला एक बुटकं स्टूल करून दिलं, त्यावर बसून ते टोपल्या विणू लागले. आळीतली माणसं म्हणायची, “सिदराम सायेब झाला.” स्टुलावरून विणलेल्या टोपल्या आधी तिरक्या यायच्या, मग सरळ यायला लागल्या. त्या तीन दिवसांबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मला माफ केलं असंही म्हणाले नाहीत, आणि मी मागितली नाही. मी केलं ते बरोबर होतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. रफार मात्र मी कधी विसरले नाही.

मालक दोन हजार पंधरा साली, माघ महिन्यात, सकाळी आठ वाजता हृदय बंद पडून गेले. वय सत्तर. शालन आदल्या दिवशीच आली होती, तिनं त्यांना चहा पाजला होता. डोक्यावरून पाणी आम्ही त्या दिवशी घेतलं, मी, बजरंग आणि शालननं.